वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे निष्कासन

वातावरणात असलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू मानवी प्रयत्नाने काढून घेऊन तो वनस्पती, मृदा, खडक, सागर अथवा भूगर्भ यांत दीर्घकाल साठवून ठेवणे, या क्रियेस कार्बन डाय-ऑक्साइडाचे निष्कासन असे म्हणतात. औष्णिक वीज केंद्र किंवा सिमेंटचा कारखाना यांच्या धुराड्यातून बाहेर पडणारा वायू तेथल्या तेथेच अडविणे ही याहून वेगळी क्रिया होय. तिच्यामुळे वातावरणात नवी भर पडत नाही. परंतु आधी साठलेला वायू मात्र कमी होत नाही. निष्कासनात पूर्वी साठलेल्या वायूलाच हात घातला जातो. हवेतून हा वायू शोषून घेण्याची रासायनिक युक्ती सु. पावणेतीनशे वर्षांपासून माहीत आहे. बंद जागेत ती गेल्या सु. दीड शतकात यशस्वीपणे वापरलीही गेली आहे. असे असताना खुल्या वातावरणाच्या बाबतीत ती अद्याप नगण्य प्रमाणातच वापरता आली. याची कारणे या विषयाच्या इतिहासातच सापडतात.

प्रारंभीचे प्रयोग : स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक (१७२८–९९) यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चुनखडी व मॅग्नेशिया यांवरील आपले प्रयोग वर्णन केले आहेत. चुनखडी भाजली असता तिचे वजन घटते व तिच्यातून एक वायू निघून जातो. मागे राहिलेल्या कळीच्या चुन्याची निवळी केल्यास तीत तोच वायू पुन्हा शोषला जाऊन निवळी दुधाळ होते, असे त्यांनी दाखविले. घन पदार्थात बद्ध होऊन राहणाऱ्या या वायूस त्यांनी ‘स्थिर वायू’ असे नाव दिले. हाच कार्बन डाय-ऑक्साइड होय. उच्छ्‌वासात तो असतो आणि साध्या हवेतही त्याचा अल्प अंश असतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते.

भिंतीला दिलेला चुना वाळल्यावर कठीण होतो तो याच विक्रियेमुळे. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून चुन्याची पुन्हा चुनखडी बनते. या अर्थाने चुन्याची प्रत्येक भिंत हवेतील वायूचे निष्कासन करीत असते. तथापि ती जेवढा वायू घेते तेवढाच, तो चुना तयार होताना, भट्टीतून हवेत गेलेला असतो. शिवाय भट्टीत जाळलेल्या इंधनाचा वायू वेगळाच. म्हणजे एकूण हिशेबात वातावरणाच्या पदरी घट न पडता वाढच पडते. शोषकाने किती वायू धरला याबरोबरच तो शोषक पुन्हा वापरण्याजोगा करताना सुटलेल्या वायूचे काय केले व त्यासाठी ऊर्जा कोठून आणली, हे पाहिल्यावाचून निष्कासन झाले असे म्हणता येत नाही. चुन्याचा हा हिशेब पुढील सर्व पद्धतींना लागू पडतो.

वनस्पती हे कार्य निसर्गतःच करतात. यान इंगेनहाउस (१७३०–९९) यांनी वनस्पतींच्या हिरव्या भागांची ही क्रिया सूर्यप्रकाशातच घडते, हे १७७९ मध्ये दाखविले. तर वनस्पतींच्या शरीरातील कार्बन हवेतील या वायूपासून येतो, हे नीकॉला तेओदॉर द सोस्यूर (१७६७–१८४५) यांनी १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काटेकोर मापनांनी प्रस्थापित केले.

बंद जागेतील निष्कासन : हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड काढून टाकण्याची व्यावहारिक गरज प्रथम खाणी, बोगदे आणि पाण्याखालील कामे यांत निर्माण झाली. हेन्‍री फ्ल्यूस या इंग्रज अभियंत्याने १८७८ च्या सुमारास पाणबुड्यांसाठी श्वसनाचे एक उपकरण तयार केले. त्यात उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड दाहक पोटॅशच्या विद्रावात भिजविलेल्या दोऱ्यांत शोषला जाई व उरलेली हवा ऑक्सिजन मिसळून पुन्हा श्वासासाठी घेता येई. इंग्‍लंडमधील सेव्हर्न नदीखालचा रेल्वे बोगदा पाण्याने भरला असता १८८० मध्ये अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या हेच उपकरण पाठीवर घेऊन काळोख्या बोगद्यात शिरला व त्याने आतील दार बंद केले.

कार्ल फोन लिंडे (१८४२–१९३४) यांनी १८९५ मध्ये हवेच्या द्रवीकरणाची पद्धती सिद्ध केल्यावर याच वायूची नवी अडचण उद्‌भवली. अतिशीत तापमानास तो गोठतो व नळ्या तुंबतात. त्यामुळे हवा थंड करण्यापूर्वी ती दाहक सोड्याने धुऊन घेण्याची प्रथा पडली. अमेरिकेत रॉबर्ट बॉटम्स यांना १९३० मध्ये अमाइन संयुगांच्या साहाय्याने वायू शोषण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. अमाइनाचा विद्राव थंड असताना कार्बन डाय-ऑक्साइड धरतो व तापविला असता सोडून देतो. त्यामुळे तोच विद्राव पुनःपुन्हा वापरता येतो. नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणात ही पद्धती रूढ झाली आणि पुढे आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहणाऱ्या अणुशक्तीवरील पाणबुड्यांतील हवा शुद्ध ठेवण्यासही ती उपयोगी पडली.

अपोलो–१३ या अवकाशयानातील एप्रिल १९७० मधील प्रसंगाने या विषयाकडे सर्व जगाचे लक्ष वेधले. ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाल्यावर तीन अवकाशवीरांना दोघांसाठी बनविलेल्या चांद्रयानात आश्रय घ्यावा लागला. तेथील लिथियम हायड्रॉक्साइडाचे डबे अपुरे पडून उच्छ्‌वासातील वायू साचू लागला. मुख्य यानातील डबे शिल्लक होते. परंतु ते चौकोनी व चांद्रयानातील जागा गोल. पृथ्वीवरील अभियंत्यांच्या सूचनांनुसार प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा व चिकटपट्टी यांच्या साहाय्याने ते जोडण्यात आले आणि वायूचे प्रमाण उतरले. स्कायलॅब या १९७३ मध्ये सोडलेल्या अवकाशस्थानकात शोषक वापरून टाकून न देता झिओलाइटाच्या चाळणीवर वायू पृष्ठशोषित करून तो बाहेर निर्वातात सोडून देण्याची सोय होती.

यांतील बहुतेक उदाहरणांत काही गोष्टी समान आहेत. जागा बंदिस्त व लहान होती. वायूचे प्रमाण खुल्या हवेतल्यापेक्षा बरेच अधिक होते. काढलेला वायू बाहेर सोडून देण्यास मुभा होती. आणि प्राण वाचविणे हाच हेतू असल्याने खर्चाचा प्रश्न गौण होता. संपूर्ण वातावरणाच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. वातावरणाला बाहेर नाही.

प्रश्नाचे बदललेले स्वरूप : जॉन टिंड्‌ल (१८२०–९३) यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ उष्णतेचे प्रारण शोषतात, असे आढळून आले. स्वांटे आऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांनी १८९६ मध्ये या वायूच्या प्रमाणातील बदलाने पृथ्वीचे तापमान किती बदलेल याचे गणित मांडले. गाय स्ट्यूअर्ट कॅलेंडर (१८९८–१९६४) या इंग्रज अभियंत्याने १९३८ मध्ये हा वायू प्रत्यक्ष वाढत आहे व तापमानही वाढत आहे, असे प्रतिपादन केले. ते त्या वेळी फारसे कोणी मानले नाही. चार्ल्स डेव्हिड कीलिंग (१९२८–२००५) यांनी हवाई बेटांतील मौना लोआ येथे १९५८ मध्ये अखंड मापने सुरू केल्यावर मात्र शंकेस जागा उरली नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत या वायूचे सु. २८० भाग होते. मौना लोआ येथे १९५९ मध्ये ते सु. ३१६ व २०२४ मध्ये सु. ४२४ आढळले. दशलक्षातील एक भाग म्हणजे सु. ७८० कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड होय. १८५० ते २०१९ या काळात मानवी व्यवहारांमुळे सु. २,४०० अब्ज टन वायू वातावरणात सोडला गेला. त्यातील निम्म्याहून अधिक भाग सागर व भूपृष्ठावरील वनस्पती यांनी सामावून घेतला आहे.

यातूनच एक कमी परिचित अडचण उद्‌भवते. हवेतील वायू कमी होऊ लागला की, सागर व मृदा यांनी पूर्वी घेतलेल्या वायूचा काही भाग हवेत परत येऊ लागतो. त्यामुळे वातावरणातील प्रमाण एका भागाने उतरविण्यासाठी कालांतराने ७८० कोटी टनांच्या जवळजवळ दुप्पट वायू काढावा लागतो.

विरलता व ऊर्जा : एक घन मीटर हवेत या वायूचे वजन पाऊण ग्रॅमच्या आसपास भरते. यावरून एक टन वायू मिळविण्यासाठी सु. १३ लाख घन मीटर हवा शोषकावरून न्यावी लागेल व तीही तीमधील सर्वच्या सर्व वायू हाती लागतो असे मानल्यास. कोळशावरील वीज केंद्राच्या धुरात हा वायू शंभरात १२ ते १४ भाग असतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा सु. तीनशे पट दाट. मात्र ऊर्जेची किमान गरज या प्रमाणात वाढत नाही. ऊष्मागतिकीच्या नियमांनुसार हवेतून एक टन वायू वेगळा करण्यास निदान १२० किलोवॉट-तास (युनिट) ऊर्जा लागते व धुरातून याच्या साधारणपणे एक-तृतीयांश. सैद्धांतिक किमान ऊर्जेचा हा आकडा आशादायक वाटला, तरी व्यवहारात तो गाठता येत नाही.

याचे कारण ब्लॅक यांच्या चुन्यात आहे. विरळ हवेतून वायू पकडावयाचा तर शोषकाने त्याला घट्ट धरले पाहिजे, आणि जितके घट्ट धरावे तितके सोडविण्यास अधिक ऊर्जा लागते. एक टन वायू सोडविण्यासाठी चुनखडी सु. ९००° से. पर्यंत तापवावी लागते व केवळ या विक्रियेसच १,१०० युनिटांहून अधिक उष्णता लागते. पंखे, पंप, वायूचे संपीडन व उष्णतेची गळती धरता प्रत्यक्षातील संयंत्रांस टनामागे सु. २,००० ते २,५०० युनिट ऊर्जा लागते. तिचा बराच भाग उष्णतेच्या रूपात असतो. वर्षाला एक अब्ज टन वायू काढावयाचा झाल्यास लागणारी ऊर्जा भारतात २०२३–२४ या वर्षी निर्माण झालेल्या एकूण विजेहून, म्हणजे सु. १,७४० अब्ज युनिटांहून, अधिक होईल. ती ऊर्जा कोळशावरील विजेच्या रूपाने पुरविली, तर एक टन वायू काढताना एक टनाहून अधिक वायू हवेत जाईल व भट्टीतील चुन्याचीच गत होईल. स्वच्छ वीज वापरली, तर त्याच विजेने कोळशाचे एखादे केंद्र बंद ठेवून अधिक लाभ झाला असता की काय, हा प्रश्न उरतोच.

वनांचा मार्ग : प्रकाशसंश्लेषणात ऊर्जेचा हा खर्च सूर्य करतो. म्हणून फ्रीमन डायसन (१९२३–२०२०) यांनी १९७७ मध्ये असे सुचविले की, आणीबाणी उद्‌भवल्यास शीघ्र वाढणाऱ्या वनस्पतींची प्रचंड प्रमाणावर लागवड करून वायूची वाढ काही काळ थोपविता येईल व तेवढ्या अवधीत जगाला दगडी कोळसा व खनिज तेल यांपासून दूर जाता येईल. हा उपाय त्यांनी तात्पुरता म्हणूनच मांडला होता. पुढील काळात त्यातील ‘तात्पुरता’ हा शब्द बहुधा विसरला गेला.

वृक्षातील कार्बन वणवा, कीड, दुष्काळ किंवा कुऱ्हाड यांमुळे काही दशकांत, कधी काही तासांत, पुन्हा हवेत जातो. उलट जाळलेल्या कोळशापासून निघालेल्या वायूचा काही भाग वातावरणात हजारो वर्षे टिकतो. हजारो वर्षांचे कर्ज दहा-वीस वर्षांच्या ठेवीने फिटत नाही. दुसरी अडचण जमिनीची. वर्षाला काही अब्ज टन वायू शोषील एवढे वन उभे करण्यास देशांच्या आकाराचे भूप्रदेश लागतात व ते अन्नधान्याच्या पिकांतून किंवा चराऊ रानांतून घ्यावे लागतात. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळराने सरकारी नोंदींत पुष्कळदा पडीक जमीन म्हणून दाखविली गेली व त्यांवर वृक्षलागवड झाली. वस्तुतः ही नैसर्गिक गवताळ राने असून त्यांचा कार्बन मुख्यतः मुळांत व मृदेत असतो. धनगरांचे कळप व माळढोकासारखे पक्षी त्यांवर अवलंबून असतात. अशा ठिकाणी वृक्षांची संख्या वाढली म्हणजे निष्कासन झाले असे समजणे चुकीचे ठरते.

सागरातील प्रयोग : सागराच्या काही विस्तीर्ण भागांत नायट्रेट व फॉस्फेट विपुल असूनही वनस्पतिप्लवक विरळ असतात. तेथे लोहाची उणीव असावी, असे अमेरिकन सागरवैज्ञानिक जॉन मार्टिन (१९३५–९३) यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मांडले. लोह पुरविल्यास प्लवकांची वाढ होईल, ते मेल्यावर तळाशी जातील व त्यांच्याबरोबर हवेतील कार्बनही खोल जाईल, अशी ही कल्पना होय. मार्टिन यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १९९३ च्या ऑक्टोबरात, गालापागोस बेटांजवळ पहिला प्रयोग झाला व लोहाने प्लवक वाढतात हे सिद्ध झाले. वाढलेले प्लवक बुडतात काय, हा प्रश्न मात्र राहिला. दक्षिण महासागरात २००४ मध्ये झालेल्या प्रयोगात करंडक वनस्पतींच्या बहराचा निम्म्याहून अधिक भाग १,००० मी. पेक्षा खाली गेल्याचे आढळले.

यापुढील महत्त्वाच्या प्रयोगात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा प्रमुख वाटा होता. ‘लोहाफेक्स’ या नावाने ओळखला जाणारा हा भारत–जर्मन प्रयोग वाजिह नक्वी व व्हिक्टर स्मेटाचेक यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलारश्टेर्न’ या जहाजावरून २००९ च्या प्रारंभी दक्षिण अटलांटिक महासागरात करण्यात आला. जहाज केपटाउनहून निघाल्यावर पर्यावरणवादी संघटनांनी हरकती घेतल्या व जर्मन शासनाने परवानगी मिळेपर्यंत प्रयोग थांबविण्यास सांगितले. जैवविविधता करारातील राष्ट्रांनी २००८ मध्येच अशा प्रयोगांवर निर्बंध सुचविले होते. परवानगी मिळाल्यावर सु. ३०० चौ. किमी. क्षेत्रात काही टन लोह विद्रावाच्या रूपात मिसळण्यात आले व त्याचे परिणाम पाच आठवड्यांहून अधिक काळ पाहण्यात आले. प्रथम प्लवक वाढले; पण त्या पाण्यात सिलिसिक अम्ल अल्प असल्याने कवचधारी करंडक वनस्पती वाढू शकल्या नाहीत. जे मऊ प्लवक वाढले ते सूक्ष्म कवचधारी प्राण्यांनी खाऊन टाकले व खोल पाण्यात गेलेला कार्बन अत्यल्प भरला. निष्कासनाच्या दृष्टीने हा निकाल प्रतिकूल होता. परंतु सागराचा एखादा भाग कार्बन बुडवील की नाही हे लोहावरच नव्हे, तर तेथील संपूर्ण अन्नसाखळीवर अवलंबून असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. प्रतिकूल निकालही प्रसिद्ध करावयाचे असतात, या शास्त्रीय संकेताचे ते चांगले उदाहरण आहे. याउलट २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे एका खाजगी उपक्रमाने सु. १०० टन लोहयुक्त पदार्थ समुद्रात टाकला. त्यातून किती कार्बन बुडाला हे विश्वसनीय रीत्या सांगता आले नाही.

खडकातील साठवण : ज्वालामुखींतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड सिलिकेटी खडकांच्या वातावरणक्रियेने पुन्हा बद्ध होतो, ही गोष्ट झाक झोझेफ एबेलमें (१८१४–५२) या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४५ मध्ये सांगितली होती. भूवैज्ञानिक काळात वातावरणाचा समतोल याच क्रियेने राखला गेला. तथापि तिला लाखो वर्षे लागतात. ही क्रिया कृत्रिम रीत्या जलद करण्याची सूचना वॉल्टर झाइफ्रिट्स यांनी १९९० मध्ये केली.

भूगर्भात वायू कोंडून ठेवण्याची पहिली मोठी योजना उत्तर समुद्रातील स्लाइप्नर या वायुक्षेत्रात १९९६ मध्ये सुरू झाली. नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डाय-ऑक्साइड तेथे समुद्रतळाखालील वालुकाश्मात, वर्षाला सु. १० लाख टनांपर्यंत, सोडण्यात आला. नॉर्वेने १९९१ मध्ये बसविलेल्या कार्बन-करामुळे वायू हवेत सोडणे महाग पडू लागले होते, हे या योजनेचे मुख्य कारण होते. तंत्र हाती असूनही ते कर बसल्यावरच वापरात आले, ही बाब लक्षणीय आहे.

आइसलँडमध्ये हेट्लिसहेइदी येथे २०१२ मध्ये पाण्यात विरघळविलेला कार्बन डाय-ऑक्साइड बेसाल्ट खडकात सोडण्यात आला. त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत कॅल्साइटासारख्या खनिजांत रूपांतरित झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या वेगाची कोणी अपेक्षा केली नव्हती. महाराष्ट्राचा फार मोठा भाग ज्या दख्खनच्या बेसाल्टाने व्यापला आहे व ज्याचे एकूण क्षेत्र सु. ५ लाख चौ. किमी. आहे, त्याकडे या निष्कर्षामुळे संशोधकांचे लक्ष गेले. परंतु आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूस २० टनांहून अधिक पाणी लागते आणि दख्खनच्या पठाराचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे. येथील लाव्ह्याचे थर जुने असून त्यांतील पोकळ्या पुष्कळ ठिकाणी झिओलाइट व इतर दुय्यम खनिजांनी भरलेल्या आहेत. शिवाय कोयना परिसराचा १९६७ मधील भूकंपाचा अनुभव लक्षात घेता, भूगर्भातील द्रवांचा दाब वाढविणारे कोणतेही कार्य सावधगिरीनेच करावे लागेल.

बेसाल्ट दळून त्याची पूड शेतात पसरणे हा दुसरा मार्ग होय. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड पुडीशी विक्रिया पावून बायकार्बोनेटाच्या रूपात नद्यांवाटे समुद्रात जातो व मृदेला काही पोषक द्रव्ये मिळतात. भारतातील लहान शेतकऱ्यांच्या भातशेतीत असे काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेस २०२५ मध्ये ५ कोटी डॉलरचे एक्सप्राइझ पारितोषिक मिळाले. येथे अडचण मोजमापाची आहे. एका शेतातून झिरपून गेलेला बायकार्बोनेट कोठे व किती गेला हे ठरविण्यास माती व पाणी यांचे असंख्य नमुने तपासावे लागतात. आणि दगड दळण्यास व वाहून नेण्यास लागलेले इंधन त्यातून वजा करावे लागते.

हवेतून थेट ग्रहण : क्लाउस लाक्‌नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हवेतून सरळ वायू काढण्याची कल्पना हवामानाच्या संदर्भात मांडली. वायू कोठेही काढला तरी परिणाम सर्व जगभर सारखाच होत असल्याने संयंत्र साठवणीच्या जागेजवळ उभारता येईल, हा तिचा मुख्य गुण होय. अमेरिकन भौतिकी संस्थेच्या २०११ मधील अहवालात टनामागे सु. ६०० डॉलर खर्च अंदाजिला होता; २०१८ मध्ये डेव्हिड कीथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाहक पोटॅश आणि चुन्याचे चक्र वापरणाऱ्या संयंत्रासाठी ९४ ते २३२ डॉलर असा अंदाज प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष विक्रीचे दर मात्र यानंतरही बहुधा कित्येक शेकडा डॉलरच राहिले. आइसलँडमधील ‘ऑर्का’ हे संयंत्र सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले; त्याची वार्षिक क्षमता ४,००० टन सांगितली गेली. मे २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅमथ’ या संयंत्राची क्षमता ३६,००० टन सांगण्यात आली. दोहोंचे प्रत्यक्ष उत्पादन सांगितलेल्या क्षमतेपेक्षा बरेच कमी भरले. पूर्ण क्षमता गृहीत धरली तरी वर्षाला एक अब्ज टन वायू काढण्यास ‘ऑर्का’सारखी अडीच लाख संयंत्रे लागतील.

हिशेब व उत्तरदायित्व : पॅरिस येथे २०१५ मध्ये झालेल्या करारात एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायूचे उत्सर्जन व निष्कासन यांत समतोल साधण्याचे उद्दिष्ट ठरले. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे यासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले. आंतरसरकारी हवामान-बदल मंडळाच्या २०१८ मधील अहवालानुसार तापमानवाढ १·५° से. वर रोखण्याच्या सर्व मार्गांत या शतकात १०० ते १,००० अब्ज टन वायू काढणे गृहीत धरलेले आहे. याउलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार जगात वर्षाला सु. २·२ अब्ज टन निष्कासन होत होते व ते जवळजवळ सर्व वनांमुळे होते. नव्या पद्धतींचा वाटा सु. १३ लाख टन होता. त्याच सुमारास खनिज इंधनांचे वार्षिक उत्सर्जन सु. ३७ अब्ज टन होते. म्हणजे नव्या पद्धतींनी वर्षभरात काढलेला वायू साधारणपणे वीस मिनिटांत पुन्हा भरून निघत होता.

उद्या वायू काढता येईल या भरवशावर आज तो सोडत राहणे, हा या विषयातील सर्वांत मोठा धोका होय. तो काढण्याचे काम व खर्च पुढील पिढ्यांवर पडेल. आणि लागणारी जमीन व पाणी बहुधा अशा देशांतून मागितले जाईल, की ज्यांनी साठलेल्या वायूत फार थोडी भर घातली आहे. दुसऱ्या बाजूस, सिमेंट, पोलाद, विमानवाहतूक व शेती यांतील काही उत्सर्जन लवकर थांबण्याजोगे नाही. ते भरून काढण्यास व आधी साठलेला वायू कालांतराने उतरविण्यास निष्कासनावाचून अन्य उपाय दिसत नाही. म्हणून या तंत्रांचे संशोधन आवश्यक ठरते. परंतु ते उत्सर्जन-घटीला पर्याय म्हणून स्वीकारता येत नाही. प्रत्येक पद्धतीचे मोल ठरविताना किती वायू पकडला, तो पकडण्यास किती वायू सोडला, उरलेला किती वर्षे टिकेल व ते कोणी मोजले, हे चार आकडे मागावे लागतात. यांतील पहिलाच आकडा सांगितला जात असेल, तर भट्टीचा धूर न मोजता भिंतीचा चुना मोजण्यासारखे ते होय.